टिकलीचा पुढचा पाय: जुळलेल्या हाडानंतरचं प्रकरण

टिकली ही कारवान या शिकारी जातीची कुत्री, अपघाताच्या वेळी वय सात आठवडे, सात पिल्लांच्या वेतातली चौथी. उजव्या पुढच्या पायावर लोखंडी फाटक आदळलं. मनगट ते कोपर या भागात रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडं शेजारी-शेजारी असतात; त्यातलं रेडियस मधोमध मोडलं, अल्ना एक्स-रे फिल्मवर शाबूत दिसली, कातडी फाटली नव्हती. स्प्लिंटमध्ये, म्हणजे बाहेरून बांधलेल्या ताठ आधारात, महिन्याच्या आत हाड जुळलं. पुढे काही आठवड्यांनी पंजा बाहेरच्या बाजूला वळायला लागला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आज ती सव्वा वर्षाची आहे, धावते, पण शर्यतीची कुत्री ती होणार नाही.

मला लिहायचंय ते मुख्यतः मधल्या काळाबद्दल. हाड जुळलं की प्लास्टर निघतं, पिल्लू चार पायांवर पळायला लागतं, गिऱ्हाईक दारात उभंच असतं, आणि आपल्याकडचे बहुतेक ब्रीडर त्याच आठवड्यात पिल्लू देऊन मोकळे होतात. वाढत्या पिल्लाच्या पायाचा खरा निकाल त्यानंतर लागतो. तो लागेपर्यंत पिल्लू कुणाकडे असावं, हा या प्रकरणातला मुद्दा आहे.

सोलापूर, सांगोला, मंगळवेढा, जत आणि पलीकडे विजापूर, मुधोळ हा सगळा पट्टा या शिकारी बांध्याच्या कुत्र्यांचा. आमच्या थोरल्या दादांनी शहराबाहेर होटगीच्या बाजूला शेळ्यांबरोबर कारवान पाळायला सुरुवात केली. पुढे नियम आले तसं रीतसर नाव नोंदवलं. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे, तरी "ससा धरतंय का?" असं विचारणारे अजूनही येतात, त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो. बाकीचे येतात ते शर्यतीसाठी, राखणीसाठी किंवा नुसत्या हौसेपोटी. सगळे आधी पाय बघतात. कारवानचा पुढचा पाय लांब, बारीक आणि सरळ असतो, मनगटाच्या वर मांस असं नसतंच. दिसायला देखणा आणि मार खायला अगदी कच्चा.

फाटक आणि पहिला तास

एप्रिलच्या शेवटी वळवाचं वारं सुटलं. पिल्लं अंगणातून शेडमध्ये पळत होती. फाटकाची कडी वाऱ्यानं निसटली आणि सगळ्यांत मागची मादी फाटक आणि खांबाच्या मध्ये सापडली. ती जे केकाटली, ते ऐकून तिची आई, आमची कुत्री, धावत आली.

पहिलं काम आईला बांधायचं. एरवी गाईसारखी गरीब असलेली कुत्रीसुद्धा पिल्लू ओरडतंय आणि माणूस त्याच्यावर वाकलाय हे बघून चावते. दादांनी तिला साखळी लावली, मग वहिनींनी पिल्लाला हात घातला. दुखावलेलं पिल्लूही चावतं. त्याचं तोंड मऊ पट्टीनं सैल बांधता येतं, पण ते धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर अजिबात बांधू नये. सात आठवड्यांच्या पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून डोकं मोकळं ठेवलं तरी पुरतं. वहिनींनी तेच केलं.

पाय लोंबत होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पायाकडे. पण फाटकाचा मार छातीला किंवा पोटालाही बसलेला असू शकतो, आणि पिल्लू मरतं ते त्यानं, पायानं नव्हे. म्हणून आधी श्वास पाहिला. हिरड्या पाहिल्या, गुलाबी होत्या. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत रंगावर यायला हवा, तो आला. थोड्या वेळानं तिनं टॉवेलमध्येच लघवी केली. वहिनी वैतागल्या नाहीत, उलट बरं वाटलं, कारण मूत्राशय फुटलेलं नाही याची ती अर्धीमुर्धी खूण. लघवी झाली म्हणून निर्धास्त राहू नये, एवढं मात्र डॉक्टरांनी नंतर बजावलं.

तोवर शेजारचे मामा हळद-चुना घेऊन आले. बंद मोडीवर लेप लावून आत काहीच पोचत नाही, वर दुखऱ्या जागी हात दाबला जातो. कुणीतरी क्रोसिनची अर्धी गोळी सुचवली. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. पॅरासिटामॉलनं यकृताला आणि रक्ताला इजा होते, आयबुप्रोफेननं पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बसतात. पिल्लाचं वजन तीन-चार किलो, त्यात अर्धी गोळी किती मोठी होते याचा अंदाज घरात कुणालाच नसतो. आम्ही पाय ओढून सरळ केला नाही, काही बांधलंही नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात चादरीची घडी घालून तिला त्यावर ठेवलं आणि गाडी काढली.

हाडवैद्य की एक्स-रे

वाटेत दादांच्या फोनवर दोन जणांनी हाडवैद्याचं नाव सांगितलं. आमच्या भागात शेळीचा पाय मोडला की अंड्याचा बलक लावून, बांबूच्या कामट्या घालून घट्ट बांधतात आणि बऱ्याच शेळ्या चालायलाही लागतात. मी त्याला नाव ठेवत नाही. पण शेळीचा पाय थोडा वाकडा जुळला तर तिच्या दुधाला किंवा वजनाला काही फरक पडत नाही. कारवानचं सगळं मोल सरळ पायात. शिवाय घट्ट कामटीखाली सूज आली की रक्त अडतं आणि पंजा काळा पडतो. असा पंजा कापावा लागलेलं एक पिल्लू आम्ही दुसऱ्याच्या दारात पाहिलेलं आहे.

डॉक्टरांनी पायाला हात लावायच्या आधी छाती ऐकली, पोट चाचपलं, तापमान घेतलं. मग दोन्ही पुढच्या पायांची फिल्म काढली. चांगला पाय कशाला, असं दादांनी विचारलं. वाढत्या पिल्लात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची रेघ असते, ग्रोथ प्लेट, तिथूनच हाड लांबीत वाढतं. फिल्मवर ती मोडीसारखीच काळी दिसते. समोर चांगला पाय असला की ती रेघ कुठली आणि मोड कुठली ते कळतं. पुढच्या महिन्यांत कोणतं हाड मागे पडतंय हे मोजायलाही तोच पाय लागतो. त्या दिवशी काढलेल्या चांगल्या पायाच्या फिल्मनं पुढे सगळ्यात जास्त काम केलं.

मोड साधी होती. रेडियसचे दोन तुकडे फारसे सरकले नव्हते आणि अल्ना अखंड होती, म्हणजे आतल्या आत तीच आधार देत होती. डॉक्टर म्हणाले, "हे हाड जुळणार. या वयात तीन-चार आठवडे. मला काळजी खालच्या रेघेची आहे."

अल्नाची खालची ग्रोथ प्लेट कुत्र्यात शंकूच्या आकाराची असते. सपाट रेघ आडवा मार बसला तर सरकून वाचू शकते. शंकू एकमेकांत अडकलेला असल्यामुळे सरकत नाही, मार कुठूनही आला तरी चेपला जातो. चेपलेली रेघ पहिल्या दिवशी फिल्मवर अगदी निरोगी दिसते. अल्नाची जवळजवळ ८५ टक्के लांबी या एका खालच्या टोकाकडून वाढते. ती वाढ थांबली आणि शेजारचं रेडियस वाढत राहिलं, तर अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते, रेडियस पुढे कमानीत वाकतं, पंजा बाहेर वळतो, आणि वर कोपराचा सांधा हळूहळू जागा सोडतो.

"आज काही दिसत नाही याचा अर्थ काही झालं नाही असा धरू नका. दर तीन आठवड्यांनी दोन्ही पायांची फिल्म." दादांनी ते वाक्य वेताच्या वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलं.

उन्हाळ्यातलं प्लास्टर

स्प्लिंट बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत होती. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बंद झाले नाहीत तर स्प्लिंट आधार देण्याऐवजी मोडीवरच तरफ मारते. मागच्या पायाची मांडी मोडली असती तर हा मार्ग बंदच होता. मांडीचं हाड बाहेरून बांधता येत नाही, आणि पिल्लाचा मागचा पाय ताठ बांधून ठेवला तर मांडीचे स्नायू आखडून गुडघा कायमचा वाकेनासा होतो. स्प्लिंट लावून घ्यायला निघालेल्यांनी आधी कोणतं हाड मोडलंय ते विचारावं.

मधली दोन बोटं उघडी ठेवली होती. त्यांच्यावर रोज सकाळ-संध्याकाळ नजर. नखं एकमेकांपासून फाकायला लागली तर सूज, बोटं गार लागली तर रक्त अडलंय, वास आला तर आत जखम. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. पिल्लू इतक्या झपाट्यानं वाढतं की बांधलेली स्प्लिंट आठवड्यात अपुरी पडते, म्हणून दर आठवड्याला सोडून नवी बांधायची. पैसे वाचवायला यातला एखादा फेरा गाळणारे पुढे जखमेवर त्याहून जास्त घालवतात.

औषध म्हणून मेलोक्सिकॅम हे दुखणं-सूज उतरवणारं औषध, तेही वजनावर मोजून, काहीच दिवस, आणि पोटात अन्न असतानाच. मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. ती वाचून कुणीतरी माणसाची गोळी चार भागांत मोडणार, हे मला माहीत आहे.

खरी लढाई सोलापूरच्या उन्हाशी झाली. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा चाळिशीच्या वरच असतो. पत्र्याच्या शेडमध्ये कापसाचे थर गुंडाळलेला पाय म्हणजे उकाडा, ओल आणि माश्यांना आमंत्रण. कुलर लावावा तर त्याची दमट हवा पट्टी ओलसर करते. शेवटी पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, ओलं गोणपाट पिल्लापासून लांब पश्चिमेच्या जाळीवर टाकलं आणि पंखा तिरका ठेवला. अंगणात नेताना पंज्यावर सलाईनची रिकामी पिशवी चढवायची आणि आत आणल्याबरोबर काढायची. पिशवी तशीच राहिली तर आतल्या आत पाय भिजतो आणि सगळी खटपट वाया जाते. ही पिशवी कंपाउंडरनं फुकट दिली. आमच्या घरी सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

खाण्याबद्दल प्रत्येकाचं मत होतं. आमच्याकडे कुत्र्याला ज्वारीची भाकरी आणि दूध, पिल्लू अशक्त दिसलं तर कॅल्शियमचं औषध, ही जुनी चाल. हाड मोडलंय म्हटल्यावर प्रत्येक पाहुणा कॅल्शियमची बाटली सुचवून जायचा. मोडलेलं हाड जुळायला कॅल्शियमचा भडिमार लागत नाही. चार-सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जादा कॅल्शियम आतड्यातच अडवू शकत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंचसं रक्तात शिरतं आणि हाडांच्या वाढीत घोळ घालतं. उलट नुसती भाकरी किंवा नुसतं बिनहाडाचं चिकन खाऊन वाढलेल्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडतं, कारण दोन्हींत फॉस्फरस जास्त. मग शरीर स्वतःच्या हाडातून कॅल्शियम ओढतं, हाड पातळ होतं आणि उडी मारली तरी मोडतं. डॉक्टरांनी फिल्मवर हाडाच्या भिंतीची जाडी बघून सांगितलं की हे हाड कमकुवत नाही, मार मोठा होता. म्हणून पिल्लांचं तयार खाद्य चालू होतं तेच चालू ठेवलं, मोजून, आणि वजन किराणामालाच्या काट्यावर घेत राहिलो. खाद्याच्या जोडीला थोडं दही आणि कधी उकडलेलं अंडं. वर काही नाही.

मादीला नाव मिळालं ते याच दिवसांत. आमच्याकडे विकायच्या पिल्लांना आम्ही नंबरावरच ठेवतो. कपाळावर पांढरा ठिपका होता, वहिनी टिकली म्हणायला लागल्या, आणि ते राहिलं.

तिला वेगळं ठेवायचं म्हणजे नक्की किती, यावर घरात वाद झाला. दादांचं म्हणणं, पूर्ण विश्रांती, अंधाऱ्या खोलीत. वहिनींचं म्हणणं, एकटी पडली तर ती बिथरेल. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, त्यावर त्याचा जन्मभराचा धीटपणा किंवा भित्रेपणा ठरतो. त्यातला बराच काळ कोठडीत गेला तर पाय सरळ आणि डोकं वाकडं असं कुत्रं तयार होतं, आणि तसं कारवान सांभाळणं लंगडं सांभाळण्यापेक्षा अवघड. मधला मार्ग निघाला. भावंडांच्या खोपटाला लागूनच जाळीचं छोटं कुंपण. नाकाला नाक लागतं, उड्या मारता येत नाहीत. आईला दिवसातून काही वेळा, वहिनी समोर असताना, आत सोडायचं. संध्याकाळी वहिनी तिला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत जायच्या. ट्रक, बँडबाजा, मिरचीच्या कांडपाचा आवाज, शाळेची पोरं, सगळं तिनं कडेवरूनच पाहिलं. जमिनीवर ठेवायचं नाही, कारण लसी पुऱ्या झालेल्या नव्हत्या आणि पार्वो हा पिल्लांच्या जिवावर उठणारा विषाणू रस्त्यावरच्या मातीत महिनोन्महिने टिकतो. तिला ताप नव्हता, खात होती, म्हणून डॉक्टरांनी पुढची लस ठरल्या दिवशीच दिली.

सांगोल्याचं गिऱ्हाईक

ही मादी अपघाताच्या आधीच ठरलेली होती. सांगोल्याकडच्या एका शर्यतवाल्या गृहस्थांनी इसार दिला होता. २०१७ च्या कुत्रे पैदास व विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, त्यामुळे ती आमच्याकडेच होती. अपघात झाला त्याच रात्री दादांनी त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बघू.

स्प्लिंट निघाली त्या आठवड्यात ते आले. फिल्मवर रेडियस भरून आलेलं. टिकली अंगणात तिन्ही-चारी पाय टाकत फिरत होती.

"हाड जुळलंय न्हवं? मग देऊन टाका की मालक. थोडं कमी करा, आज घिऊन जातो."

"आज नाही. अजून दोन-तीन फिल्म बघायच्यात."

"मला काय चालत न्हाई म्हणलो का मी?"

दादा नाही म्हणाले. हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, म्हणून इथं सविस्तर मांडतो. कमी किमतीत दिलेलं पिल्लू हे सांगून विकलेलं दिसतं, पण प्रत्यक्षात त्यात धोका गिऱ्हाइकाच्या पदरात टाकलेला असतो, आणि गिऱ्हाईक त्यातला तज्ज्ञ नसतो. सांगोल्याच्या त्या घरी दर तीन आठवड्यांनी दोन पायांची फिल्म निघाली नसती. पंजा वळायला लागला असता तर "आधीचंच दुखणं आहे, बसेल" म्हणून महिना गेला असता, आणि या दुखण्यात महिना फार मोठा असतो. शर्यतीसाठी लवकर पळवायला सुरुवात झाली असती ती वेगळीच. दादांनी इसार परत केला. वेतातला एक नर दाखवला, तो त्यांना नको होता. रागानं गेले.

आणखी एक सल्ला मिळाला, तो देणारा आमच्यातलाच एक ब्रीडर: एवढा खर्च कशाला, एमआयडीसीकडे सोडून या, जगलं तर जगलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपासमारीत टाकून देणं हा गुन्हा आहे, पण तो सल्ला ऐकून मला कायदा आठवला नाही, राग आला.

ढिलं मनगट आणि वळलेला पंजा

स्प्लिंट काढल्यावर घरातल्या सगळ्यांचं काळीज हललं ते वेगळ्याच कारणानं. मनगट सपाट पडलं होतं, पंजा अस्वलासारखा टेकत होता. डॉक्टरांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. पाय आठवडे बांधून ठेवला की पिल्लाच्या मनगटामागचे स्नायू आणि कंडरा ढिले होतात. खडबडीत जमिनीवर थोडं थोडं चालवलं की दोन-तीन आठवड्यांत ते परत आवळतात. पुन्हा बांधलं तर अजून ढिलं होतं. आमच्या ओसरीवर शहाबादी फरशी, तिच्यावर पिल्लाचे पाय घसरतात, म्हणून जुन्या सोलापुरी चादरी अंथरल्या आणि तिला मुरुमाच्या वाटेवर दोरीनं फिरवलं. मनगट वर आलं. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

या दोन गोष्टींमधला फरक ओळखता येणं ब्रीडरला फार महत्त्वाचं. ढिल्या मनगटात पाय बाजूनं बघितला तर खचलेला दिसतो, समोरून बघितला तर सरळच असतो, आणि दिवस जातील तसा सुधारतो. ग्रोथ प्लेट बंद पडल्यावर समोरून बघताना पंजा बाहेर वळलेला दिसतो आणि दिवस जातील तसा वाढतो. वहिनी रविवारी टिकलीला भिंतीशी उभं करून समोरून, जमिनीलगत फोन धरून फोटो काढायच्या. जागा तीच, उंची तीच. रोज बघणाऱ्या डोळ्याला जे कळत नाही ते एकापुढे एक ठेवलेल्या तीन फोटोंत कळलं. पंधराव्या आठवड्याच्या आसपासच्या फोटोत उजवा पंजा थोडा बाहेर वळला होता. ती लंगडत नव्हती. दुखतही नव्हतं.

दोन्ही पायांची फिल्म झाली. उजव्या अल्नाची खालची रेघ जवळजवळ मिटलेली, डावीकडची ठळक उघडी. उजवी अल्ना डावीपेक्षा आखूड, रेडियसला हलकी कमान, कोपराच्या सांध्यात किंचित पायरी.

इथून पुढे वेळेचा हिशेब होता. या रेघा साधारण आठ ते अकरा महिन्यांपर्यंत उघड्या असतात, म्हणजे टिकलीची बरीच वाढ अजून शिल्लक होती. ती शिल्लक वाढ आहे तोवर अल्नाचा ताण सोडला, तर रेडियस स्वतःहून थोडंफार सरळ होऊ शकतं. वाढ संपल्यावर तेच काम रेडियस कापून, प्लेट किंवा सळया लावून करावं लागतं, आणि कोपर तोवर बिघडलेलं असतं.

डॉक्टरांनी पुण्यातल्या हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्याकडे पाठवलं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय होता, पण तारीख पुण्याची आधी मिळाली. आषाढी वारीचे दिवस, रस्ते भरलेले, म्हणून पहाटे अंधारातच निघालो.

शस्त्रक्रिया ऐकायला सोपी आहे. आखूड पडलेल्या अल्नाचा खालचा एक तुकडा काढून टाकायचा आणि त्या फटीत शरीराचीच चरबी ठेवायची. तुकडा काढला की दोरी तुटते. चरबी ठेवायची ती पिल्लाचं हाड फट भरून पुन्हा लगेच जोडलं जाऊ नये म्हणून. तसं झालं तर ताण परत सुरू होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. कारवानच्या अंगावर चरबी ती किती असणार! पोटाकडून खरवडून घेतली, असं सर्जन हसत म्हणाले.

भुलीबद्दल दादांनी आधीच विचारलं होतं. या बारीक, कमी चरबीच्या शिकारी जातींत थायोपेंटोनसारखी औषधं अंगातून लवकर उतरत नाहीत, कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. सर्जनना ते ठाऊक होतं, त्यांनी ते औषध वापरलंच नाही. पण आडगावी साधी नसबंदी करून घेतानाही कारवान, पश्मी, मुधोळवाल्यांनी ही गोष्ट तोंडानं सांगावी. सगळीकडे ही कुत्री रोज येत नाहीत.

खर्च टिकलीच्या ठरलेल्या किमतीच्या दुपटीहून वर गेला. धंद्याच्या हिशेबात तो बसत नाही. दादांनी तो वेताच्या खात्यावरच टाकला, बाकीच्या सहा पिल्लांच्या पैशातून.

वही

यानंतरचे महिने कंटाळवाणे होते, म्हणजे चांगले. फट उघडी राहिली. कमान थोडी उतरली, पूर्ण नाही. उजवा पाय किंचित आखूड आहे, पंजा अजून थोडा बाहेर बघतो. कोपराची पायरी पुढच्या फिल्ममध्ये वाढलेली नव्हती. सरळ रेषेत ती भावंडांच्या बरोबरीनं सुटते, वळणावर मागे पडते.

तिच्यापासून पैदास करायची का, यावर मला दोन्ही बाजू दिसतात. फाटकाचा मार रक्तात उतरत नाही, पिल्लं सरळ पायाचीच होतील. पण गाभण कुत्रीचं वाढलेलं वजन त्या कोपरावर येणार, आणि समोरून बघणारं गिऱ्हाईक आईचा वाकडा पंजा बघून पिल्लांवर शंका घेणार. त्याहून मोठी भीती उलट्या दिशेची. एखाद्या ब्रीडरकडे खरोखरच वाकड्या पायाचा वंश असेल, तर "लहानपणी फाटक लागलं होतं" हे कारण सगळ्यांनाच सोयीचं आहे. वंशावळीच्या कागदावर मोडलेल्या पायाचा रकाना नसतो. म्हणून अपघाताची तारीख, पहिल्या दिवसाची दोन्ही पायांची फिल्म आणि नंतरच्या सगळ्या फिल्म वहीत एकत्र असणं गरजेचं, नाहीतर खऱ्या मारालाही कुणी खरं मानू नये असं माझं मत आहे. दादांनी टिकलीची नसबंदी केली.

ती आता विजापूर रस्त्याकडच्या एका शिक्षक दांपत्याकडे आहे. पैसे घेतले नाहीत. फिल्मची फाईल, लसीचं पुस्तक आणि एक लेखी कागद बरोबर दिला: काय झालं, काय केलं, पुढे कोपरात संधिवात होऊ शकतो, वजन वाढू द्यायचं नाही, गुळगुळीत फरशीवर खेळवायचं नाही, सांभाळणं जमलं नाही तर आमच्याकडेच परत आणायचं. मॅडमनी कागद वाचून एवढंच विचारलं, "जिना चालेल का?" चालेल, पण उतरताना हळू.

तिच्या सहाही भावंडांचे पाय दहा महिन्यांचे असताना दादांनी घरोघर जाऊन समोरून बघून घेतले, दोघांचे फोटो मागवले. सगळे सरळ. तेव्हा त्याच नराशी आईची जोड पुन्हा लावायला हरकत नाही, असं ठरलं. नियमानं दोन वेतांत बारा महिन्यांचं अंतर लागतं. ते भरलं आहे, पण हा माज सोडून द्यायचा, पुढचा बघायचा.